तपास थांबवायला लेखी आदेश लागत नाही

आमच्या तालुक्यातल्या एका रस्त्याच्या कामात बोगस बिलं निघाली. त्याची तक्रार मी केली आणि त्या तक्रारीचं पुढे काय झालं ते इथे लिहितो आहे. गावाचं, कार्यालयाचं, अधिकाऱ्यांचं किंवा लोकप्रतिनिधीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट आहे आणि साक्षीदार अजून त्याच गावात राहतात. पण टप्पे, कलमं, मुदती आणि कागद कुठे अडला हे जसं घडलं तसं सांगतो. राजकीय हस्तक्षेप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मंत्र्याचा फोन येतो. तसे फोन होत असतीलही. माझ्या कानावर एकही पडला नाही आणि तपासावर दबाव आणणारं एकही पत्र माझ्या हाती लागलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की तपास एका ठरावीक माणसाच्या जवळ जाऊ लागला की कागद थांबायचा. आणि का थांबला, हे कुणी लिहून ठेवत नसे.

मी शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं मोजमाप पुस्तिका (एम.बी., म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही) लिहिण्यात आणि तपासण्यात गेली. त्यामुळे माहिती अधिकारात आमच्या भागातल्या रस्त्याच्या एम.बी.च्या प्रती मागवल्या, तेव्हा त्या मी चाळल्या नाहीत, ओळ न् ओळ वाचल्या. किमी २/४०० ला, म्हणजे दोन किलोमीटर चारशे मीटरवर, नळकांडी मोरी दाखवली होती, ९०० मिमी व्यासाचे पाइप, दोन ओळी. मी टेप घेऊन तिथे गेलो. तो रस्त्याचा सगळ्यात उंच भाग, दोन्ही बाजूंना माळ उतरत गेलेला. पावसाचं पाणी तिथून दोन्हीकडे वाहून जातं, तिथे येत नाही. ओढा नाही, ओघळ नाही, मग मोरी कशासाठी? मोरीचा पत्ताही नव्हता. पुढच्या पानावर २० मिमी कारपेट आणि सीलकोटची नोंद, मोजमापाची तारीख जुलैच्या मध्यातली. भर पावसात डांबराचं काम कुणी करत नाही. आणि त्या नोंदीतली लांबी शेजारच्या दुसऱ्या रस्त्याच्या एम.बी.मधल्या लांबीशी दशांशानंतरच्या तिसऱ्या अंकापर्यंत जुळत होती. दोन वेगळे रस्ते प्रत्यक्ष टेप लावून मोजले, तर असं कधी होत नाही.

कनिष्ठ अभियंत्याने नोंद केली होती, उपअभियंत्याने तपासणी मोजमापाची सही केली होती, कार्यकारी अभियंत्याने बिल मंजूर केलं होतं. ठेकेदार आमच्या लोकप्रतिनिधीचा सख्खा भाचा. त्याच संचिकेत एक पत्र होतं, त्या लोकप्रतिनिधीच्या लेटरहेडवर, विषय 'बिल तातडीने अदा करण्याबाबत'. या पत्राबद्दल पुढे पुन्हा लिहावं लागणार आहे. शिफारस करणं हा गुन्हा नाही, हे मला माहीत आहे. पण जे काम झालंच नाही त्याचं बिल लवकर द्या, असं ज्याने लिहिलं, त्याला ते काम झाल्याचं कुणी सांगितलं होतं? एवढा एक प्रश्न त्याला विचारला गेला पाहिजे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

तक्रार देताना मी आरोपांची भाषा टाळली. प्रत्येक परिच्छेदात एक नोंद, तिचा पान क्रमांक, जागेवरची स्थिती आणि फोटो. "कोट्यवधींचा महाघोटाळा" असं लिहिलेल्या अर्जाचं काय होतं, ते मी नोकरीत असताना टेबलाच्या पलीकडून पाहिलं होतं. दोन प्रती केल्या, आवक विभागात दिल्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हललो नाही. पुढे प्रत्येक टप्प्यावर ही पोच कामी आली.

पहिली अडचण आली ती भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७अ ची. हे कलम २०१८ च्या दुरुस्तीने आलं आणि २६ जुलै २०१८ पासून लागू आहे. लाच घेताना जागेवर पकडलं, म्हणजे सापळा लावला, तर त्याची गरज नाही. पण लोकसेवकाने पदाच्या कामात घेतलेल्या निर्णयाबद्दल किंवा केलेल्या शिफारशीबद्दल चौकशी करायची, तर आधी सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. खटला भरण्यासाठीची मंजुरी निराळी, ती कलम १९ खाली शेवटी लागते. १७अ ची मान्यता सुरुवातीलाच लागते, चौकशीला हात घालण्याआधी. कायद्यात मुदत तीन महिन्यांची आहे, आणि कारण लेखी देऊन आणखी एक महिना वाढवता येते.

तपास यंत्रणेने प्रस्ताव पाठवला. मुदत संपली, वाढीव महिनाही गेला. मान्यता आली नाही, नकारही आला नाही. नकार आला असता तर त्याला आव्हान देता आलं असतं. काहीच न आल्यामुळे आव्हान द्यायलाही काही नव्हतं. तपास यंत्रणेत विचारलं की उत्तर ठरलेलं, "प्रस्ताव शासनाकडे प्रलंबित आहे." हे वाक्य खरं होतं, आणि त्यात कुणाचाच दोष दिसत नव्हता.

इथे थोडा मागचा इतिहास सांगायला हवा, कारण हे कलम अचानक उगवलेलं नाही. पूर्वी केंद्रात 'सिंगल डायरेक्टिव्ह' नावाची व्यवस्था होती. सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची चौकशी करायला सीबीआयला सरकारची परवानगी लागायची. जैन हवाला प्रकरणात, विनीत नारायण खटल्याच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये ती रद्द केली. २००३ मध्ये तीच गोष्ट, सीबीआय ज्या कायद्याखाली चालते त्यात, कलम ६अ म्हणून आली. मे २०१४ मध्ये घटनापीठाने तेही घटनाबाह्य ठरवलं. भ्रष्टाचाराच्या बाबतीत वरिष्ठ अधिकारी आणि कनिष्ठ अधिकारी असा भेद करता येणार नाही, हे त्यामागचं कारण. चार वर्षांनी १७अ आलं आणि परवानगीचं कवच सगळ्याच स्तरांना मिळालं. भेद नाहीसा झाला, पण दार बंदच राहिलं.

या कलमाच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो. मी स्वतः सही करणारा माणूस होतो. रागापोटी, ठेका न मिळाल्याच्या सुडापोटी केलेल्या खोट्या तक्रारी मी पाहिल्या आहेत. प्रत्येक तक्रारीवर पोलीस दारात येणार असतील, तर प्रामाणिक अभियंता सही करायलाच धजणार नाही. संरक्षण हवंच. पण ते द्यायचं की नाही हे ठरवणारा माणूस ज्याच्यावर संशय आहे त्याच्या पक्षाच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर ते संरक्षण प्रामाणिक माणसापर्यंत पोचतच नाही. ते वजनदार माणसाच्या वाट्याला जातं.

फाईल कुठे आहे हे कळावं म्हणून मी माहिती अधिकारात टिपणी मागितली. कलम ८(१)(ज) लावून नकार आला, तपासात अडथळा येईल म्हणून. प्रथम अपिलात मी दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००७ मधल्या भगत सिंग प्रकरणाचा आधार घेतला. केवळ तपास चालू आहे एवढ्याने माहिती नाकारता येत नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं त्यात सांगितलं आहे. शिवाय मी टिपणीतला मजकूर मागतच नव्हतो. फाईल कोणत्या टेबलावर कधी आली, कधी गेली आणि शेवटचा शेरा काय, एवढंच मागत होतो. अपिलीय अधिकाऱ्यांनी तेवढं द्यायला सांगितलं.

हातात आलेला कागद एका पानाचा होता. खालच्या टेबलांवर फाईल नीट सरकली होती. कक्ष अधिकाऱ्याने 'प्रथमदर्शनी तथ्य दिसते, मान्यतेस हरकत नाही' अशा आशयाची टिपणी ठेवली होती, आणि तिच्यावर वरच्या दोन सह्याही होत्या. मग फाईल सर्वांत वर गेली आणि खाली आली ती 'चर्चा करावी' एवढ्या शेऱ्यासह. चर्चा कुणी कुणाशी करायची, केव्हा करायची, झाली की नाही, याची पुढे एकही नोंद नाही. फाईल तिथेच होती. सरकारी कामकाज जवळून पाहिलेल्या माणसाला या शेऱ्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 'मान्यता नाही' लिहिलं तर कारण द्यावं लागतं आणि त्या कारणाखाली सही राहते. 'चर्चा करावी' लिहिलं की सही राहते, पण जबाबदारी राहत नाही.

आपल्याकडे २००५ चा कायदा आहे, बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा. त्यात सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. मी त्या कायद्याखाली लेखी विचारणा केली. उत्तर आलं नाही, पण त्या विचारणेची पोच उच्च न्यायालयातल्या याचिकेला जोडता आली.

याचिकेत वकिलांनी दोन मुद्दे घेतले. पहिला असा, की जे काम झालंच नाही त्याची खोटी मोजमापं लिहिणं याला कलम १७अ मधला 'निर्णय' म्हणताच येणार नाही, म्हणून मान्यतेची गरजच नाही. दुसरा असा, की गरज असेल तर मुदत संपलेली आहे, तेव्हा निर्णय तरी द्या. न्यायालयाने पहिला मुद्दा खुला ठेवला आणि दुसऱ्यावर आदेश दिला, चार आठवड्यांत सकारण निर्णय घ्या. मला पहिल्या मुद्द्यावर निकाल हवा होता. तो झाला असता तर माझ्यासारख्या अनेकांचा रस्ता मोकळा झाला असता.

निर्णय मुदत संपता संपता आला. कनिष्ठ अभियंता आणि उपअभियंता यांच्या चौकशीला मान्यता, कार्यकारी अभियंत्याच्या बाबतीत नकार. कारण काय, तर त्यांनी खालच्या अधिकाऱ्यांच्या मोजमापांवर विसंबून बिल मंजूर केलं. ज्याच्या टेबलावर ते शिफारसपत्र आलं होतं, नेमका तोच वगळला गेला. खालच्या दोघांचा दोष मी कमी लेखत नाही, सही त्यांचीच होती. पण ती सही करायला कुणी भाग पाडलं, हे सांगू शकणारा दुवा त्या एका परिच्छेदाने बाहेर काढला.

गुन्हा दाखल झाला आणि तपास एका पोलीस निरीक्षक मॅडमकडे आला. सगळ्या प्रवासात समाधान वाटलं असा हा एकच काळ. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "काका, एम.बी. वाचायची कशी ते मला समजावून सांगा." टेबलावर पुस्तिका उघडून आम्ही बसलो. साखळी क्रमांक म्हणजे काय, नोंद खोडायची झाली तर एक रेघ मारून सही का करायची, तपासणी मोजमाप कुठे दिसतं, सगळं त्यांनी वहीत उतरवून घेतलं. नंतर पंच घेऊन त्या रस्त्यावर आल्या. ठरावीक अंतरावर खड्डे घेतले, प्रत्येक खड्ड्यात खडीचा आणि मुरुमाचा थर पट्टी लावून मोजला, पट्टी दिसेल असा फोटो काढला आणि पंचनाम्यात आकडा तिथल्या तिथे लिहिला. काही खड्ड्यांत खडीच नव्हती, डांबराच्या पातळ पापुद्र्याखाली थेट काळी माती. मोरीच्या जागी त्यांनी दोन्ही बाजूंनी खोदून पाहिलं आणि 'मोरी आढळून आली नाही' हे पंचांच्या सह्यांनिशी नोंदवलं.

त्यांनी केलेलं सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र वेगळंच होतं. त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं काम करणारा एक मैलकामगार आहे. खड्डे बुजवणं, बाजूची झुडपं तोडणं, हे त्याचं रोजचं काम. त्या काळात तिथे कुठलंही यंत्र आलं नाही, मोरी खणली नाही, हे त्याच्याइतकं ठामपणे कुणीच सांगू शकत नव्हतं. मॅडमनी त्याचा जबाब फक्त पोलिसांपुढे घेतला नाही. दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली तो दंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर नोंदवून घेतला. पोलिसांपुढचा जबाब पुढच्या अधिकाऱ्याला पुन्हा घेता येतो, बाजूला ठेवता येतो. दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब असा गुंडाळता येत नाही. त्यावेळी मला ही नुसती कायद्याची औपचारिकता वाटली होती. पुढे सगळं प्रकरण त्या जबाबावर उभं राहिलं.

बँकेचा खातेउतारा आला, रक्कम कुठून कुठे गेली ते दिसू लागलं, आणि मॅडमनी शिफारसपत्राबद्दल विचारणा करणारं पत्र तयार केलं. त्याच सुमारास त्यांची बदली झाली, 'प्रशासकीय कारणास्तव'. त्यांचा कालावधी पूर्ण झालेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात सप्टेंबर २००६ मध्ये पोलीस सुधारणांचे आदेश दिले, त्यात ठरावीक कार्यकाळ होता, तपास आणि बंदोबस्त वेगळे करणंही होतं. महाराष्ट्राच्या पोलीस अधिनियमातही पदावधीची तरतूद आली. पण मुदतपूर्व बदलीसाठी सार्वजनिक हित आणि प्रशासकीय निकड ही वाट त्यातच मोकळी ठेवलेली आहे. मी वरिष्ठांना पत्र लिहिलं. बदली ही अंतर्गत प्रशासकीय बाब आहे, असं उत्तर आलं. कायद्याने ते बरोबरच आहे, तपास अधिकारी कोण असावा हे तक्रारदार ठरवू शकत नाही. जाताना मॅडमनी एवढंच सांगितलं, "काका, जे केलं ते सगळं कागदावर पूर्ण केलंय. अर्धवट काही ठेवलेलं नाही."

नव्या अधिकाऱ्यांनी मला पुन्हा जबाबासाठी बोलावलं. आधीचा जबाब होता, तरी. पहिला प्रश्न, "तुम्ही कोणत्या पक्षाचं काम करता?" दुसरा, मागच्या निवडणुकीत कुणाच्या प्रचाराला गेला होता. मग माझी पेन्शन, मुलाची नोकरी, माहिती अधिकाराचे अर्ज किती केले. मी मोरीबद्दल बोलू लागलो की हवालदार टाइप करायचं थांबायचा. वाचून दाखवलेल्या जबाबात किमी २/४०० चा उल्लेख नव्हता, जुलैच्या तारखेचा नव्हता, पत्राचा तर नव्हताच. मी हरकत घेतली. "मुद्द्याचं घेतलंय, आप्पा. बाकीचं रेकॉर्डवर आहेच," असं म्हणाले.

माझ्यासारख्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. कलम १६१ खालच्या पोलीस जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कायदाच तसं सांगतो. म्हणजे 'मी सही करणार नाही' असं म्हणायची सोय नाही. मी त्याच संध्याकाळी घरी येऊन, काय विचारलं, मी काय सांगितलं आणि टाइप केलेल्या जबाबात काय आलं नाही, हे सगळं मुद्देसूद लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते पोस्टाने तपास अधिकाऱ्यांना पाठवलं आणि प्रत त्यांच्या वरिष्ठांना दिली.

त्याच महिन्यात माझ्याविरुद्ध पोलीस ठाण्यात अर्ज आला, की मी माहिती अधिकाराचा धाक दाखवून ठेकेदाराकडे पैसे मागितले. घरात वातावरण बिघडलं. पत्नीने कधी तक्रार केली नव्हती, पण त्या रात्री ती म्हणाली, "अहो, तुम्हाला आत टाकलं तर मी कुणाकडे जाऊ?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ठेकेदाराला मी कधी फोन केला नव्हता, त्याच्या माणसांना एकटा भेटलो नव्हतो, माझ्या फोनच्या नोंदी तपासा असं मीच लेखी दिलं. अर्ज पुढे निकाली निघाला. पण तो असेपर्यंत गावात लोक माझ्याशी जपून बोलायचे. ज्या मैलकामगाराने शपथेवर सांगितलं, त्याची ड्यूटी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला लावली गेली. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली त्याच्यासाठी आम्ही जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज केला. धोका किती आहे याचा अहवाल पोलीसच देतात, त्यामुळे फार आशा नव्हती. तरी समितीपुढे त्याचं नाव गेल्यावर त्याला भेटायला येणारी माणसं यायची थांबली. हे मोठं काम झालं.

आणि मग 'क' समरीची नोटीस आली. आपल्याकडे तपास बंद करायचा तर अहवाल तीन प्रकारचे असतात. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'ब' म्हणजे तक्रार खोटी आणि खोडसाळ, 'क' म्हणजे तक्रार खरीही नाही नि खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. माझ्यावर 'ब' लावली असती तर मी खोटा ठरलो असतो आणि त्यांना ते सिद्ध करावं लागलं असतं. 'क' मध्ये कुणालाच काही सिद्ध करावं लागत नाही. अहवालात लिहिलं होतं, की मोजमापातील तफावत ही तांत्रिक स्वरूपाची असून विभागीय स्तरावर वसुलीची कार्यवाही करता येईल.

भगवंत सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगून ठेवलं आहे, की असा अहवाल स्वीकारण्याआधी मूळ तक्रारदाराला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. अनेक जण ही नोटीस आली की संपलं असं समजून कोर्टात जात नाहीत. तिथेच प्रकरण संपतं. मी प्रोटेस्ट पिटिशन, म्हणजे अहवालाला विरोध करणारा अर्ज, दाखल केली. त्याआधी समरीसोबतच्या सगळ्या कागदांच्या प्रती मागितल्या आणि त्यांची यादी माझ्याकडच्या यादीशी ताडून पाहिली. खड्ड्यांचा पंचनामा होता, पण अहवालात त्यातल्या एकाही आकड्याचा उल्लेख नव्हता. १६४ खालचा जबाब होता, पण अहवालात त्या साक्षीदाराचं नाव नव्हतं. आणि जप्त केलेल्या संचिकेच्या पानांची यादी पाहिली, तर ते शिफारसपत्र तिच्यात नव्हतं. माझ्याकडे माहिती अधिकारात मिळालेली त्याच संचिकेची साक्षांकित प्रत होती, पान क्रमांकासकट. मधला एक पान क्रमांक यादीतून गायब होता.

न्यायाधीशांनी तपास अधिकाऱ्यांना विचारलं, हे पान कुठे आहे? उत्तर मिळालं, माहिती घेऊन सांगतो. पुढच्या तारखेला मूळ संचिका न्यायालयात मागवली गेली. समरी फेटाळली आणि वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत पुढील तपासाचा आदेश झाला. आमचा गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून जुन्याच संहितेच्या कलम १७३(८) खाली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एक चांगली तरतूद आली आहे, तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायची. ज्यांचे गुन्हे आता दाखल होत आहेत त्यांनी ही माहिती लेखी मागायलाच हवी.

कोर्टाने लक्ष घातलं की फरक पडतो, हे देशपातळीवरही दिसलेलं आहे. २०१३ मध्ये कोळसा खाण वाटपाच्या तपासाचा अहवाल सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी सरकारमधल्या लोकांनी पाहिल्याचं उघड झालं. न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं आणि कायदामंत्र्यांना पद सोडावं लागलं. ते कळलं ते न्यायालयाने थेट शपथपत्र मागितल्यामुळे. तालुक्याच्या पातळीवर अशी शपथपत्रं कोण मागणार? आमच्याकडे ते घडलं ते एका गहाळ पान क्रमांकामुळे.

आता पुढचा अडसर कलम १९ च्या मंजुरीचा. दोन्ही अभियंत्यांवर खटला भरण्यासाठी प्रस्ताव गेला आहे. उपअभियंता मधल्या काळात निवृत्त झाले, पण २०१८ पासून निवृत्तांसाठीही मंजुरी लागते. इथेही तीन महिने अधिक एक महिना. सर्वोच्च न्यायालयाने विजय राजमोहन प्रकरणात २०२२ मध्ये ही मुदत बंधनकारक असल्याचं सांगितलं, पण मुदत उलटली म्हणून खटला रद्द होत नाही आणि मंजुरी आपोआपही मिळत नाही. मंजुरीचं मोल राजकारणाप्रमाणे कसं बदलतं, हे आपण आदर्श प्रकरणात पाहिलं. माजी मुख्यमंत्र्यांवर खटला भरायला २०१३ मध्ये राज्यपालांनी नकार दिला. सरकार बदललं, राज्यपाल बदलले, आणि २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण मधल्या काळात न्यायालयात टिकेल असा नवा पुरावा पुढे आलेलाच नव्हता. त्यात कोण दोषी, कोण निर्दोष, यावर मी बोलत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, की मंजुरी देणं किंवा नाकारणं हे सत्तेत कोण आहे यावर हलत असल्याचं लोकांना दिसलं, की प्रामाणिक तपासावरचाही विश्वास उडतो. विरोधातला माणूस आरोपी झाला की सूड वाटतो, सत्तेतला सुटला की सौदा वाटतो.

कार्यकारी अभियंत्याच्या बाबतीतल्या नकाराला आम्ही उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे, ते प्रलंबित आहे. पुढील तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांनी मला बोलावलं, तेव्हा मी मॅडमना दाखवली होती तीच पानं पुन्हा उघडून दाखवली. शिफारसपत्राचं मूळ पान आता जप्ती यादीत आलं आहे. ज्याच्या सहीने ते निघालं त्याचा जबाब घेतला का, घेतला नसेल तर का नाही, हे तपास अधिकाऱ्यांनी पुढच्या तारखेला न्यायालयाला लेखी सांगायचं आहे.